लेण्यांतले यवन म्हणजे कोण, आणि त्यांचा गांधार शैलीशी काय संबंध?

प्रश्न असा आलाय की नाशिकच्या पांडवलेण्यात १७ नंबरच्या लेण्याचा दाता स्वतःला 'योणक' म्हणजे यवन म्हणवतो, मग हे मुसलमान होते का, आणि ग्रीक असतील तर तिथलं कोरीवकाम ग्रीक धाटणीचं म्हणायचं का?

पहिल्याचं उत्तर सरळ आहे, नाही. त्या काळी इस्लाम यायला अजून काही शतकं होती. हा शब्द ग्रीकांच्या आयोनियन लोकांवरून आला, इराणी लोक त्यांना 'यौन' म्हणायचे, अशोकाच्या १३व्या शिलालेखात अंतियोक हा ग्रीक राजा 'योन' राजा म्हणून आलाय, पालीत योन, प्राकृतात योनक आणि संस्कृतात यवन. आपण युनानी औषध म्हणतो त्यातही तोच शब्द आहे. पुढे पश्चिमेकडून येणाऱ्या कुणालाही यवन म्हणायला लागले, आणि शिवकाळातल्या संस्कृत काव्यांत, बखरींत तो मुसलमानांसाठी आला, तोच अर्थ आपल्या डोक्यात पक्का बसलाय.

आता नाशिकचा लेख बघा. दाता इंद्राग्निदत्त, बापाचं नाव धम्मदेव, उत्तरेकडच्या दातामित्रीचा, मुलगा धम्मरक्षित. नावं पूर्ण इथली झालीत, आईवडिलांसाठी आणि सगळ्या बुद्धांच्या पूजेसाठी लेणं, चैत्यगृह (म्हणजे स्तूप असलेलं पूजेचं दालन) आणि पाण्याची टाकी दिलीत. जुन्नरला यवन इरिलाने दोन पोढी म्हणजे टाकी दिली, यवन चिताने भिक्खूंसाठी भोजनमंडप दिला, कार्ल्याला धेनुकाकटच्या यवनांनी चैत्यगृहाचे खांब दिले. आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते हे, की त्याच नाशिकच्या डोंगरात ३ नंबरच्या लेण्यात सातवाहन राजा गौतमीपुत्राला त्याची आई बलश्री 'शक, यवन, पल्हव यांचा नाश करणारा' म्हणते! म्हणजे राजाच्या प्रशस्तीत यवन शत्रू आणि तिथून चार पावलांवर संघाला दान देणारा यवन, दोन्ही एकाच डोंगरात कोरलेले.

पण दात्याची ओळख म्हणजे शिल्पाची शैली नाही, गोंधळ इथेच होतो. कार्ल्याचे खांब बघा, खाली घट, वर घंटेसारखं शीर्ष, त्यावर हत्तींवर बसलेली जोडपी, ही पक्की इथलीच धाटणी आहे, पैसे यवनाचे असले तरी छिन्नी इथल्याच परंपरेत शिकलेली.

ग्रीक-रोमन प्रभाव बघायचा तर पेशावरचं खोरं, स्वात, तक्षशिला या भागात, म्हणजे गांधारात जावं लागतं. तिथल्या शिस्ट या करड्या दगडातल्या बुद्धाचे केस लाटांसारखे, अंगावरच्या चिवराच्या चुण्या रोमन पुतळ्यासारख्या जड पडलेल्या, आणि बुद्धाच्या शेजारी उभा वज्रपाणी, म्हणजे हातात वज्र घेतलेला त्याचा रक्षक, कधीकधी थेट ग्रीक वीर हेराक्लीस, दाढी आणि पिळदार अंगासकट. कॉरिंथियन, म्हणजे शीर्षावर पानं कोरलेल्या ग्रीक धाटणीच्या खांबांच्या पानांतून बुद्ध डोकावतो, माळा खांद्यावर घेतलेली पोरं कोरीव पट्ट्यांवर चालतात, आणि मर्दान भागातला एक पट तर ट्रॉयच्या लाकडी घोड्याची ग्रीक गोष्ट सांगतो असं मानतात, तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

याला 'ग्रीक-बौद्ध कला' हे नाव फूशे या फ्रेंच अभ्यासकामुळे रुळलं, पण त्यात अडचण आहे. मिनँडरसारखे ग्रीक राजे इ.स.पू. दुसऱ्या शतकातले, आणि बहुतेक गांधार शिल्पं इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या-तिसऱ्या शतकातली, कुशाण राजांच्या वेळची, म्हणून काहींनी रोमन व्यापाराचा प्रभाव मोठा मानला. १९६४ नंतर अफगाणिस्तानात आय खानुमला खरंखुरं ग्रीक शहर खणून काढलं, तिथे कॉरिंथियन शीर्षं सापडली, त्यामुळे जुन्या बॅक्ट्रियाचं, म्हणजे त्या भागातल्या ग्रीक राज्याचं पारडं पुन्हा जड झालं. माझं मत विचाराल तर दोन्ही वाटांनी गोष्टी आल्या, एकच बाप शोधत बसू नये, आणि घडवणारे गांधारचेच लोक होते हे विसरू नये.

म्हणून लिहिताना शैलीला 'गांधार शैली' म्हणा, प्रभाव सांगायचा तर 'ग्रीक-रोमन' म्हणा, आणि 'यवन शिल्पकला' हा शब्द तर कृपा करून वापरू नका, कारण आज वाचणारा त्याचा भलताच अर्थ घेणार. लेखांचं भाषांतर करताना मात्र 'यवन' तसाच ठेवा आणि पुढे कंसात 'ग्रीक किंवा पश्चिमेकडचा परदेशी' असं लिहा, कारण इरिल किंवा चित नेमका कुठून आला होता ते त्या दगडावर लिहिलेलं नाही.