जीएसटी नंबर टाकताना आकडे मागंपुढं होतात

प्रश्न : ताई, मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात बिलिंगला आहे, पार्टीचा जीएसटी नंबर टाकताना आकडे मागंपुढं होतात, घरी पण तेच, दूध गॅसवर ठेवलं की विसरते. सगळे आळशी म्हणतात.

उत्तर : आळस कसला हो. १५ अक्षरं एका दमात बघूच नका, आधी राज्याचा कोड म्हणजे आपला २७, मग पॅनची १० आणि शेवटची ३, असे तुकडे पाडून मोठ्यानं वाचा, शेजारचे हसले तर हसू दे. टाईप केल्या केल्या तपासू नका, तेव्हा चूक दिसतच नाही, चहा घेऊन या मग बघा. दुधाला मोबाईलचा टायमर. लहानपणापासून असंच असेल तर एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा त्रास, मोठ्यांनाही असतो, सिव्हिलला मानसोपचारवाल्यांना एकदा दाखवून या.