गरम हवेत इंजिन नॉक करतंय, टायमिंग किती मागे घ्यायचं?

प्रश्न: माझ्या पेट्रोल गाडीला प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) बसवलाय. सकाळी गाडी मस्त पळते, पण दुपारी ट्रॅफिकमधून सुटून चढ लागला आणि वरच्याच गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबला की टणटण आवाज येतो. ट्यूनर म्हणतो टायमिंगच्या सगळ्या मॅपमधून सरसकट ४ डिग्री काढून टाकू, म्हणजे प्लगची ठिणगी तेवढी उशिरा पडेल. काढू का? पिकअप जाईल ना?

उत्तर: सरसकट नको. आणि हे काम होईपर्यंत चढावर खालचा गिअर टाका, तो आवाज अजिबात अंगावर काढू नका.

प्लगने पेटवलेली ज्योत पोचायच्या आधीच कडेला उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटतं, तो हा आवाज, म्हणजेच नॉक. ट्रॅफिकमध्ये उभं राहून बॉनेटखाली सगळं तापलेलं असतं त्यामुळे हवा आत येतानाच गरम, त्यात आरपीएम कमी म्हणजे मिश्रणाला तापायला वेळही जास्त मिळतो, म्हणून तुमच्याकडे नेमका तिथेच नॉक येतोय. मॅप म्हणजे आरपीएम आणि लोडप्रमाणे टायमिंग लिहिलेला तक्ता, मग कापायचं पण तिथेच: जास्त लोड, कमी आरपीएमच्या खान्यांत २-३ डिग्री. क्रूझिंगच्या खान्यांना हात लावू नका, तिथे उगाच पेट्रोल जळेल.

बाकीचं काम हवेच्या टेम्परेचरच्या करेक्शन टेबलवर सोडा. सुरुवातीला ४० अंशांपर्यंत शून्य, ५० ला २ डिग्री मागे, ६० ला ४, असं ठेवून लॉग (ईसीयूने नोंदवलेले आकडे) बघत बघत बदला, हे आकडे प्रत्येक इंजिनाला वेगळे बसतात. कूलंट नेहमीपेक्षा वर गेलं तर आणखी १-२ डिग्री मागे.

पिकअपचं म्हणाल तर बेस्ट टायमिंगच्या आसपास टॉर्कचा कर्व्ह बराच सपाट असतो, २ डिग्री मागे घेतल्याचं ड्रायव्हिंगमध्ये फारसं कळतही नाही. पण सेफ म्हणून १० डिग्री मागे, असंही करू नका हां, कारण जळणं उशिरापर्यंत चालतं, एक्झॉस्ट तापतो आणि व्हॉल्व्ह, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, टर्बो असेल तर तोही भाजून निघतो.

नॉक सेन्सर आहे म्हणून मॅप नॉकच्या अगदी काठावर ठेवणारे ट्यूनर मला पटत नाहीत. सेन्सर नॉक झाल्यावर टायमिंग मागे घेतो, आधी नाही. सगळ्यात गरम दिवशीसुद्धा त्याला काम पडू नये इतकी जागा मॅपमध्येच हवी.

प्लग काढून उजेडात बघा. पांढऱ्या पोर्सेलिनवर मिरपूड उडाल्यासारखे काळे ठिपके असतील तर नॉक नक्की, चमकणारे बारीक कण दिसले तर ते पिस्टनचं अॅल्युमिनियम आहे, मग गाडी चालवायचीच नाही.

आणि मॅप उघडण्याआधी रेडिएटरचा फॅन, पेट्रोलचं ऑक्टेन, प्लगची हीट रेंज (तो उष्णता किती लवकर बाहेर टाकतो), मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) तर नाही, हे तपासून घ्या. मग ईसीयूमध्ये टायमिंग १० डिग्रीवर लॉक करून टायमिंग लाइट पुलीवर मारा. खूण १० वर दिसली नाही तर आधी ट्रिगरचा (क्रँक कुठे आहे ते ईसीयूला सांगणाऱ्या सेन्सरचा) ऑफसेट, म्हणजे तेवढा फरक, दुरुस्त करा, नाहीतर टेबलमधला प्रत्येक आकडा तेवढ्याने चुकलेला असेल.