विशेष शाळेतल्या अनुभवावर ऑस्ट्रेलियाचा स्किल्ड व्हिसा मिळू शकतो का?

मिळू शकतो, मात्र आपले काम तिथल्या कोणत्या व्यवसाय-संकेतांकात बसते, हे सर्वप्रथम तपासावे. 'डिसॅबिलिटीज सर्व्हिसेस ऑफिसर' (४११७१२), म्हणजे दिव्यांग व्यक्तींसाठी साहाय्य आखणारा व समन्वय करणारा, हा कुशल व्यवसाय मानला जातो. त्याचे कौशल्य-मूल्यांकन ऑस्ट्रेलियन कम्युनिटी वर्कर्स असोसिएशन करते आणि १९० (कायम वास्तव्याचा) किंवा ४९१ (प्रादेशिक भागासाठीचा तात्पुरता) व्हिसासाठी एखाद्या राज्याचे नामांकन, ४५ पेक्षा कमी वय व वय, शिक्षण, अनुभव, इंग्रजी अशा निकषांवर किमान ६५ गुण लागतात. याउलट, आंघोळ घालणे, जेवू घालणे अशी दैनंदिन शुश्रूषा करणारा 'एज्ड ऑर डिसेबल्ड केअरर' (४२३१११) खालच्या कौशल्यपातळीत येतो आणि त्याला हा गुणाधारित मार्ग खुला नाही. बहुतेकांची गल्लत इथेच होते, आणि एजंटही ती दूर करत नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

म्हणूनच अनुभवपत्रात 'काळजीवाहक म्हणून काम केले' एवढेच मोघम लिहून घेऊ नका. वैयक्तिक साहाय्य आराखडे आखणे, पालकांशी समन्वय, समाजात वावरण्याचे प्रशिक्षण अशी प्रत्यक्ष केलेली कामे, आठवड्याचे तास आणि पगारी नोकरीचा कालावधी त्यात स्पष्ट असावा. न केलेले काम मात्र चुकूनही घालू नये. भारतीय पुनर्वास परिषदेची (विशेष शिक्षक व पुनर्वसन व्यावसायिकांची नोंद ठेवणारी भारतातील संस्था) नोंदणी असल्यास जोडावी, परंतु ती या मूल्यांकनाची जागा घेत नाही.