ठाण्यातल्या सोसायटीने महिला हॉकी संघाला २०२८ ऑलिंपिकसाठी मदत कशी करावी?

वर्गणी जमली असेल तर सरळ मार्ग म्हणजे राष्ट्रीय क्रीडा विकास निधी. जुन्या करप्रणालीत या देणगीवर प्राप्तिकरात १०० टक्के वजावट मिळते, पण २,००० रुपयांवरची रोख देणगी त्यात धरत नाहीत. चेक किंवा ऑनलाइनच द्या.

तरी माझं मत विचाराल तर निम्मे पैसे इथल्याच मुलींवर घाला. राष्ट्रीय संघाला २०१८ पासून ओडिशा सरकारचं प्रायोजकत्व आहे. शाळेतल्या गोलकीपरला मात्र साधे किकरही (बुटांवर बांधायची जाड पॅड) मिळत नाहीत! गोलकीपरचा संच सगळ्यात महाग, म्हणून तो सामायिक घ्या: हेल्मेट, छातीचं कवच, लेगगार्ड, किकर, हातांची पॅड. किकरचे पट्टे तळव्याखालून जातात, सिमेंटवर तेच आधी तुटतात. जादा पट्टे घेऊन ठेवा.

स्टिक वाढत्या अंगाची म्हणून लांब घेऊ नका. पायाशी उभी धरली की कमरेच्या हाडापर्यंत यावी. लांब असली तर मुलगी ताठ उभी राहून खेळते आणि चेंडू अडवायला उशीर होतो.

टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर, सराव हवाच. माती-सिमेंटवर चेंडू उसळतो, ओल्या टर्फवर सपाट आणि वेगाने येतो. चर्चगेटच्या महिंद्रा स्टेडियमची वेळ मिळते का ते विचारा आणि दादरला गाडी बदलून जाण्यायेण्याचा खर्च वर्गणीतच धरा. मुली गळतात त्या बहुतेकदा इथेच.

जानेवारी २०२४ मध्ये रांचीतल्या ऑलिंपिक पात्रता स्पर्धेत जपानकडून ०-१ हरलो आणि पॅरिस ऑलिंपिक हुकलं. एका गोलाचं अंतर होतं.