डॅलसमध्ये लॉन काढून टेक्ससची देशी झाडं लावली तर एचओए (वसाहतीतल्या घरमालकांची संघटना) अडवू शकते का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: आठवड्यातून दोनदाच पाणी हा नियम खरा का, लॉन पिवळं पडलं म्हणून एचओएचं पत्र आलंय त्याचं काय करायचं, आणि लॉन काढून इथली देशी झाडं लावता येतील का. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरं त्यावर अवलंबून आहेत.

लावता येतील. टेक्सस प्रॉपर्टी कोडचं कलम २०२.००७ बघा. २०१३च्या दुरुस्तीनंतर कमी पाण्यावर जगणारी झाडं किंवा कमी पाणी पिणारं गवत लावायला एचओए सरसकट बंदी घालू शकत नाही. ठिबक, पावसाचं पाणी साठवायची पिंपं आणि कंपोस्टसुद्धा याच कलमात येतात. पण आराखडा आधी मंजूर करून घ्या असं सांगायचा हक्क त्यांना आहे, आणि खडी, दगड, निवडुंग यांवर ते नियम घालू शकतात. म्हणजे सगळं उखडून पांढरी खडी पसरायचा बेत असेल तर तिथे अडकाल. साधा हाताने काढलेला नकाशा, झाडांची नावं, प्रत्येकाची पूर्ण वाढलेली उंची, एवढं लिहून अर्ज करा आणि मंजुरी ईमेलवरच घ्या. फोनवर 'चालेल हो' म्हणणारा मॅनेजर पुढच्या वर्षी त्या खुर्चीत असेलच असं नाही.

आता पाणी घालायचे वार. डॅलस शहरात २०१२ पासून आठवड्यातून जास्तीत जास्त दोनदा हा कायमचा नियम आहे, दुष्काळ असो वा नसो. घर क्रमांक सम असेल तर रविवार आणि गुरुवार, विषम असेल तर बुधवार आणि शनिवार. एप्रिल ते ऑक्टोबर सकाळी १० ते संध्याकाळी ६ स्प्रिंकलर बंद. हातात पाइप धरून किंवा ठिबकने पाणी घालायला मात्र वाराची अट नाही, त्यामुळे कढीपत्त्याच्या आणि मोगऱ्याच्या कुंड्यांची काळजी नको. हे फक्त डॅलस शहराचं बरं का. प्लेनो, फ्रिस्को या जवळच्या शहरांचं पाणी वेगळ्या वॉटर डिस्ट्रिक्टकडून (पाणी पुरवणाऱ्या संस्थेकडून) येतं आणि नियमही त्यांचे त्यांचे असतात. ऑफिसातल्या कुणाचं तरी ऐकून टायमर लावू नका.

पत्राबद्दल. २०२५मध्ये टेक्ससमध्ये कायदा झाला की पाण्यावर निर्बंध असताना, आणि ते उठल्यावर ६० दिवसांपर्यंत, गवत पिवळं पडलं म्हणून एचओएने दंड लावायचा नाही. तुमच्याकडचे निर्बंध त्यात बसतात का, हे विचारणारं दोन ओळींचं नम्र उत्तर पाठवा. गप्प बसू नका, भांडूही नका.

शिवाय ते गवत मेलेलं नसण्याची शक्यताच जास्त. इथल्या लॉनमध्ये बहुतेक वेळा बर्म्युडा असतं, म्हणजे आपली हरळी. गणपतीला वाहतो ती दूर्वा तीच. पाणी तुटलं की ती वरून वाळते आणि जमिनीखाली जिवंत राहते. पाऊस पडला की पुन्हा हिरवी. गावाकडे शेत असेल तर पुढचं सांगायला नको: ती काढायची म्हणजे काशा (जमिनीखालची खोडं) वेचाव्या लागतात, आणि एक कांडं राहिलं तरी परत फुटते. म्हणून सगळं लॉन एकदम काढायच्या भानगडीत पडू नका. फुटपाथकडचा एक पट्टा घ्या, उन्हाळाभर पुठ्ठे आणि वर जाड पालापाचोळा घालून दाबून ठेवा.

जमीनही ओळखीचीच आहे. डॅलसचा बराच भाग ब्लॅकलँड प्रेअरीवर आहे, म्हणजे विदर्भ-मराठवाड्यातल्या कापसाच्या काळ्या जमिनीसारखीच फुगणारी आणि भेगाळणारी चिकण माती. तिच्यात पाणी हळू मुरतं. स्प्रिंकलर सलग वीस मिनिटं चालवलात तर निम्मं पाणी रस्त्यावर वाहतं, आणि शहर त्यालाही दंड करतं. त्यापेक्षा त्याच रात्री तासाभराच्या अंतराने पाच-सहा मिनिटांच्या तीन फेऱ्या लावा. पाणी किती पडतं ते बघायला श्रीखंडाचे रिकामे डबे लॉनवर ठेवा आणि पट्टीने मोजा. हजार चौरस फुटांवर एक इंच पाणी म्हणजे ६२३ गॅलन, साधारण २,३६० लिटर. हा आकडा कळला की टायमरकडे हात जाताना माणूस जरा थांबतो. उन्हाळ्यात घराच्या पायाभोवतीची मातीही आकसून भिंतीला तडे जातात. तिथे झिरपणारा पाइप टाकून ठेवा.

झाडं म्हणाल तर सावलीत टर्क्स कॅप. आपल्या मिरची जास्वंदाचं ते भावंड. थंडीत वरून मरतं, वसंतात मुळापासून फुटतं, आणि हमिंगबर्ड त्यावर तुटून पडतात. उन्हात ऑटम सेज हे झुडूप आणि गल्फ म्युली हे गवत. म्युलीला ऑक्टोबरात गुलाबी तुरे येतात आणि तोंडं वाकडी करणारे शेजारीही थांबून नाव विचारतात. सेनिझो हे झुडूप सुंदर आहे, पण काळ्या मातीत पाणी साचलं की कुजतं. उंच वाफा करणार असाल तरच लावा. लॉनच हवं असेल तर बफेलो ग्रास आहे. त्याला दिवसभर ऊन लागतं, आणि जास्त पाणी दिलंत तर हरळी त्याच्यावर मात करते.

एक गोष्ट एचओएच्या पत्रात नसते पण शहराच्या नियमात आहे: १२ इंचांवर वाढलेलं गवत आणि तण चालत नाही. मुद्दाम लावलेली बाग आणि माजलेलं रान यातला फरक इन्स्पेक्टरला रस्त्यावरून दिसला पाहिजे. कडेने विटांची ओळ आणि कापलेल्या गवताची पट्टी ठेवलीत की बहुतेक तक्रारी होतच नाहीत.

आत्ता कडक उन्हात काही लावू नका. अर्ज आत्ता करा, रोपं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावा. पहिल्या वर्षी देशी झाडांनाही नियमित पाणी लागतं, ते ठिबकने द्या.