हवेतले कण मोजायचे, पण कुठून?

तुझं पत्र मिळालं. भौतिकशास्त्राचं शेवटचं वर्ष, प्रकल्पाचा विषय 'एरोसोलचे (म्हणजे हवेत तरंगणाऱ्या बारीक कणांचे) ऋतूनुसार बदल: जमिनीवरची आणि उपग्रहावरची निरीक्षणं', आणि तीन प्रश्न. यात पुढे नोकरी आहे का? उपकरणांच्या बाजूला जावं की उपग्रहाच्या? कोडिंग येत नाही, तर आधी क्लास लावावा का? शिवाय 'हे काय, नुसतं डेटा डाउनलोड करायचं काम' असं मैत्रिणी म्हणाल्या, ते तुला लागलेलं दिसतंय.

त्यांचं अर्धं खरं आहे. डेटा खरोखरच फुकट मिळतो. नासाने १९९०च्या दशकात उभं केलेलं एरोनेट हे सन फोटोमीटरचं, म्हणजे जमिनीवरून सूर्यप्रकाश मोजणाऱ्या उपकरणांचं, जगभर पसरलेलं जाळं, आणि टेरा (१९९९) व अ‍ॅक्वा (२००२) या उपग्रहांवरचं मोडिस हे उपकरण, दोन्हींच्या फाइली कुणीही उतरवून घेऊ शकतो. खरं काम त्यानंतर, दोन्हींचे आकडे शेजारी ठेवले आणि ते जुळले नाहीत की सुरू होतं.

मोजतो काय, ते आधी पक्कं कर. एओडी, म्हणजे एरोसोल ऑप्टिकल डेप्थ, हे वातावरणाच्या माथ्यापासून जमिनीपर्यंतच्या अख्ख्या स्तंभातले कण प्रकाश किती अडवतात याचं माप आहे. खुल्या समुद्रावरच्या स्वच्छ हवेत ते ०.१च्या आसपास किंवा खाली असतं, दाट धुरात १च्या वर जातं. पीएम २.५ मात्र आपल्या नाकाशी असलेल्या हवेतल्या बारीक कणांचं वजनी माप. म्हणून 'सर्वांत वाईट ऋतू कोणता' याची दोन उत्तरं निघू शकतात. हिवाळ्यात हवेचा मिसळणारा थर उथळ असतो, कण जमिनीलगत कोंडतात आणि पीएम चढतं; स्तंभातलं एकूण प्रमाण तितकं वाढलेलं नसतंही. उन्हाळ्यात तो थर उंच जातो, धूळ वर चढते, एओडी वाढतं आणि जमिनीवरचा आकडा त्या मानाने शांत. त्यात आर्द्रतेची भर: दमट हवेत सल्फेटसारखे कण पाणी शोषून फुगतात आणि जास्त प्रकाश विखुरतात, तर पीएम मोजताना नमुना बहुधा कोरडा केलेला असतो. हे तीन परिच्छेदांत नीट मांडता आलं तर तुझा प्रकल्प डाउनलोडच्या पुष्कळ पुढे गेलेला असेल.

ऋतूबरोबर कणांची जातही बदलते. सहाराची धूळ उत्तरेच्या उन्हाळ्यात अटलांटिक ओलांडून कॅरिबियनकडे जाते, हिवाळा-वसंतात तिचा पट्टा दक्षिणेला सरकून दक्षिण अमेरिकेच्या दिशेने वळतो. आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातला वणव्यांचा धूर साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये शिगेला पोचतो. धूळ की धूर हे अँगस्ट्रॉम घातांक, म्हणजे तरंगलांबीनुसार एओडी किती बदलतं याचा आकडा, सांगतो: जाड धुळीत तो शून्याजवळ, बारीक धुरात दीडच्या आसपास किंवा वर. केवळ एओडीची मासिक सरासरी काढून थांबलीस तर हे सगळं हातातून निसटेल.

आता बाजू निवडायचं. तुला उपकरणं आवडतात असं लिहिलंस, छान. सन फोटोमीटर थेट सूर्याकडे बघतो, त्यामुळे त्याची अनिश्चितता ०.०१ ते ०.०२ इतकी कमी असते. पण त्यामागे मौना लोआ आणि इझान्यासारख्या उंच, स्वच्छ जागी केलेलं कॅलिब्रेशन असतं आणि रोजची निगाही. (नळीत कोळ्याने जाळं केलं तरी आकडे बिघडतात, हे काम वाटतं तेवढं रुबाबदार नाही.) उपग्रहाला जमिनीवरून परतलेल्या प्रकाशातून कणांचा वाटा वेगळा काढावा लागतो, चकाकत्या वाळवंटावर ते अवघड, आणि दाट धूर कधी ढग समजून गाळला जातो. ढगाळ ऋतूत तर दोघेही आंधळे, म्हणजे पावसाळी महिन्याची सरासरी मोजक्या उघडिपीच्या दिवसांवर उभी असते. माझं मत विचारशील तर बाजू निवडूच नकोस. २०२४ मध्ये पेस आणि अर्थकेअर वर गेले. असा प्रत्येक उपग्रह जमिनीवरच्या मापांशी ताडून बघावा लागतो, आणि दोन्हीकडच्या चुका ओळखणारी माणसं कमी आहेत.

नोकरीबद्दल सरळच सांगते. संशोधनात राहायचं तर एमएस्सी आणि पुढे पीएचडी धरून चाल. सुरुवातीची पदं बहुतेक प्रकल्पापुरती, कंत्राटी असतात. कायमच्या जागा थोड्या. घरच्यांना हे आजच सांगून ठेव. 'एरोसोल तज्ज्ञ पाहिजे' अशी जाहिरात क्वचित दिसेल. पण हेच कौशल्य हवेच्या गुणवत्तेच्या अंदाजात, उपग्रह डेटावर काम करणाऱ्या कंपन्यांत आणि सौरऊर्जेत चालतं. आरशांनी ऊन एकवटणाऱ्या प्रकल्पांना थेट किरण लागतात आणि एरोसोल नेमके तेच कमी करतात, त्यामुळे तिथे एओडी हा पैशांचा आकडा असतो.

क्लास लावू नकोस, निदान आत्ता. एरोनेटचं एकच केंद्र निवड आणि त्याचा वर्षभराचा लेव्हल २.० डेटा घे; तो अंतिम कॅलिब्रेशन झालेला असतो. तेवढं स्प्रेडशीटमध्ये होईल. मग मोडिसशी जुळवायला बस. मोडिस एओडी ५५० नॅनोमीटरला देतं, एरोनेटच्या बहुतेक केंद्रांवर ती तरंगलांबी नसते. शेजारच्या तरंगलांब्यांवरून अँगस्ट्रॉम घातांक वापरून ती काढावी लागेल. उपग्रह वरून जाण्याच्या वेळेच्या अर्धा तास मागेपुढे आणि केंद्राभोवती २५ किलोमीटरच्या आतली मापं घ्यायची, असा सर्वसाधारण प्रघात आहे. उपग्रहाच्या शेकडो फाइली हाताने उघडताना दुसऱ्या दिवशी तूच पायथॉन शोधायला लागशील. तेव्हा शिकलेलं टिकतं. केंद्र निवडताना मात्र ढगाळ महिन्यांत किती दिवसांचा डेटा आहे ते आधी मोज, आणि तो आकडा आलेखात प्रत्येक महिन्याखाली छापायला सरांची परवानगी आत्ताच घेऊन ठेव.