लोक उठून गेले, म्हणून नवं वाजवणं सोडायचं का?

प्रश्न : आम्ही चौघं मालवणात स्ट्रिंग क्वार्टेट वाजवतो. दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. गेल्या माघात देवळाच्या सभामंडपात आमच्या एका मित्राची पंचवीस मिनिटांची नवीन रचना वाजवली. दहाव्या मिनिटाला माणसं उठू लागली. शेवटी नाट्यपदं घेतली तेव्हा टाळ्या पडल्या. आता जो तो म्हणतो, हेच वाजवा. मन लागत नाही. काय करू?

उत्तर : ताई, नवं सोडू नका. लोकांना नवं नको असतं, हे मला पटत नाही. तुमच्याच भागात डबलबारीला, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याला, माणसं पहाटेपर्यंत बसतात. समोरचा बुवा काय उत्तर देणार हे कुणाला ठाऊक नसतं, तरी कोणी जागचं हलत नाही. कारण पखवाज हाताच्या अंतरावर असतो आणि वाजवणारा ओळखीचा असतो.

मी वेंगुर्ल्याला व्हायोला वाजवतो. आमचंही असंच झालं होतं. उंच स्टेज, दिवे, वाकून नमस्कार, आणि एक शब्द न बोलता चाळीस मिनिटं वाजवलं. खुर्च्या रिकाम्या होत गेल्या. फार लागलं ते. पुढच्या वेळी एका घराच्या पडवीत बसलो, लोकांच्या मधोमध. सुरू करण्याआधी चेलोवाल्याने घोडीजवळ, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीजवळ, गज दाबून अगदी सावकाश ओढला. घोगरा, करकरणारा आवाज निघाला. एक म्हातारे रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून रापणीचं मोठं जाळं ओढणारे मच्छीमार, पुढे सरकून म्हणाले, "दोर भिजलो की असोच करकरता." रचनेची सुरुवात त्याच आवाजाने होती. ते शेवटपर्यंत मान पुढे काढून बसले.

संपल्यावर ते उठून आमच्याकडे आले. म्हणाले, रापण ओढताना मधे दम घ्यायला थांबावं लागतं, तुमचा दोर थांबतच नाही. रचना लिहिणाऱ्याने त्या रात्री तीन ठिकाणी विराम घातले. पुढच्या कार्यक्रमाला ते आपल्या रापणीतली सहा-सात माणसं घेऊन आले, कारण आता त्या रचनेत त्यांचं काहीतरी होतं. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे : रचना पक्की होण्याआधी गावाला ऐकवा, आणि गावाने सांगितलेलं तिच्यात येऊ द्या.

अमेरिकेतलं क्रोनोस क्वार्टेट तुम्ही ऐकलं असेलच. व्हायोलिनवादक डेव्हिड हॅरिंग्टन यांनी रेडिओवर संगीतकार जॉर्ज क्रम्ब यांची 'ब्लॅक एंजल्स' ऐकली आणि 1973 साली सिएटलमध्ये ते सुरू केलं. व्हिएतनाम युद्ध चालू असताना, 1970 साली पुरी झालेली ही रचना. वादक तोंडाने आकडे मोजतात, पाणी भरलेल्या काचेच्या पेल्यांच्या कडेवर गज फिरवतात. याच मंडळींनी 2005 साली आशा भोसले यांच्यासोबत आर. डी. बर्मन यांच्या गाण्यांचा अख्खा आल्बम केला. तेव्हा नाट्यपद वाजवलं म्हणून कमीपणा वाटून घेऊ नका. फक्त ते बक्षीस म्हणून शेवटी ठेवू नका, नव्या रचनेला लागून मधे वाजवा.

पेल्यांचा प्रयोग मुलांसोबत जरूर करा. पातळ काचेचे पेले घ्या आणि कडेवरून ओलं बोट फिरवा. पाणी वाढवलं की स्वर उतरतो. मुलं आली की आया येतात, आजी येते. क्रोनोसने तरुण वादकांसाठी 50 नव्या रचना लिहून घेतल्या आहेत. त्यांची स्वरलिपी इंटरनेटवर फुकट मिळते. त्यातल्या पाच-सहा मिनिटांच्या रचना आधी निवडा. पंचवीस मिनिटं नंतर.

कार्यक्रम मात्र पावसाआधी उरकून घ्या. आषाढात खुंट्या फुगतात, गजाचे केस सैल पडतात, आणि चौघांचा सूर जुळवण्यातच संध्याकाळ जाते. पडवी ठरली की तारीख कळवा. मी सकाळच्या एसटीने येतो, व्हायोला घेऊन.